परतणारे आणि न परतणारे : न्यूयॉर्कमधील इटालियन व यहुदी स्थलांतरित

अमेरिकेच्या इतिहासात १८८० ते १९२४ हा काळ महास्थलांतराचा काळ म्हणून ओळखला जातो. या अवधीत चाळीस लाखांहून अधिक इटालियन आणि वीस लाखांहून अधिक पूर्व युरोपीय यहुदी त्या देशात उतरले. त्यांतील बहुसंख्यांनी पहिले पाऊल टेकले ते न्यूयॉर्क बंदरात. पुष्कळांनी बिऱ्हाडे थाटली तीही मॅनहॅटनच्या दक्षिण भागातील एकाच दाट वस्तीत. मलबेरी रस्त्याच्या आसपास इटालियन आणि हेस्टर व ऑर्चर्ड रस्त्यांवर यहुदी राहत. दोन्ही वस्त्यांत अंतर होते ते अवघ्या काही मिनिटांच्या चालीचे. दोन्ही समाज निर्धन होते, दोघांचीही भाषा परकी होती आणि जुने रहिवासी दोघांकडेही सारख्याच तिरस्काराने पाहत.

असे असूनही पहिल्या महायुद्धापर्यंत या दोन समाजांच्या आर्थिक स्थितीत ठळक अंतर पडले. यहुदी कारागिरांतून दुकानदार, कारखानदार, शिक्षक आणि वकील निर्माण होऊ लागले. इटालियन मात्र खोदकाम, बंदरातील हमाली आणि गवंडीकाम यांतच दीर्घकाळ अडकून राहिले. या अंतराचे स्पष्टीकरण त्या काळी सोपे वाटत असे. अमेरिकन संसदेने नेमलेल्या डिलिंगहॅम आयोगाने १९११ मध्ये एकेचाळीस खंडांचा अहवाल सादर केला आणि स्थलांतरितांची मोजदाद वंशवार केली. काहींनी त्यापुढे जाऊन धर्माकडे बोट दाखविले. यहुदी धर्म विद्येला मान देतो आणि कॅथलिक धर्म दैववाद शिकवितो, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश होता. कॅथलिक वाचकाला हा आरोप दृष्टीआड करता येणार नाही. तो खरा की खोटा, हे आकडे आणि घटना यांच्या आधारेच तपासावे लागेल.

गाव सोडण्याची कारणे

दोन्ही समाजांनी मायभूमी सोडली, परंतु ती वेगवेगळ्या कारणांनी. १८६१ मध्ये इटलीचे एकीकरण झाले खरे, पण त्याचा लाभ दक्षिणेतील शेतमजुराच्या वाट्याला फारसा आला नाही. जमीन मोठ्या जमीनदारांच्या हाती राहिली, कर वाढले, अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त गव्हाने धान्याचे भाव पाडले आणि द्राक्षवेलींवरील रोगाने मळे उजाड केले. सिसिली, कालाब्रिया, बासिलिकाता या प्रांतांतून तरुण बाहेर पडू लागले. अमेरिकेत आलेल्या इटालियनांपैकी सुमारे चार-पंचमांश दक्षिणेचे होते आणि त्यांत पुरुषांची संख्या स्त्रियांच्या तिप्पटीहून अधिक होती. त्यांचा बेत साधा होता : चार-पाच वर्षे राबावे, पैसा साठवावा आणि गावी परतून शेताचा तुकडा घ्यावा किंवा घर बांधावे.

रशियन साम्राज्यातील यहुद्यांची कहाणी निराळी होती. त्यांना पश्चिमेकडील ठरावीक प्रांतांतच राहण्याची मुभा होती आणि शेतजमिनीच्या मालकीवर कडक निर्बंध होते. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि त्यानंतर यहुदी वस्त्यांवर हल्ल्यांची लाट उसळली. १८८२ च्या कायद्यांनी त्यांना खेड्यांत नव्याने वस्ती करण्यास मनाई केली. १९०३ मध्ये किशिनेव्ह येथे पुन्हा कत्तल झाली. ज्याच्या घराला आग लावली गेली, तो परतण्याचा विचार करीत नाही. म्हणूनच यहुदी आले ते बायकामुलांसह, कायमचे राहण्यासाठी. त्यांच्यात स्त्रियांचे प्रमाण शेकडा चाळीसहून अधिक होते.

परतणाऱ्यांच्या आकड्यांतून हा भेद स्पष्ट दिसतो. त्या काळात आलेल्या इटालियनांपैकी निम्म्याच्या आसपास लोक केव्हा ना केव्हा मायदेशी परतले. यहुद्यांत हे प्रमाण दहात एक इतकेही नव्हते. पुढील साऱ्या आर्थिक इतिहासाचे बीज या एका फरकात आहे, असे माझे मत आहे.

हातातील कसब

आलेला माणूस सोबत काय घेऊन येतो, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. १८९९ ते १९१० या वर्षांत ज्या यहुद्यांनी बंदरावर आपला व्यवसाय नोंदविला, त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश कुशल कारागीर होते. त्यांत शिंप्यांचा भरणा मोठा होता. दक्षिण इटालियनांत कुशल कारागीर सुमारे पंधरा टक्केच होते. चौदा वर्षांवरील दक्षिण इटालियनांपैकी शेकडा ५४ निरक्षर होते, तर यहुद्यांत शेकडा २६. यहुद्यांच्या या कसबाचे मूळ वांशिक बुद्धीत शोधण्याचे कारण नाही. जमीन नाकारली गेल्यामुळे ते पिढ्यान् पिढ्या गावठाणांतील कारागिरी आणि व्यापार यांवर जगत आले होते. अन्यायानेच त्यांना शहराचे शिक्षण दिले, असे म्हणता येईल. इटालियन शेतमजूर आपल्या मातीत निष्णात होता. ऑलिव्हची छाटणी आणि डोंगरउतारावर दगडी बांध घालणे त्याला उत्तम येत असे. मात्र मॅनहॅटनमध्ये ना ऑलिव्ह होते, ना उतारावरची शेते.

शिवाय यहुद्यांना न्यूयॉर्कमध्ये एक तयार वाट सापडली. तयार कपड्यांचा धंदा तेथे झपाट्याने वाढत होता आणि त्याचे बरेचसे मालक आधीच्या पिढीत आलेले जर्मन यहुदी होते. कामगाराला तेथे आपली यिद्दिश भाषा चालत असे आणि अनेक ठिकाणी शब्बाथाची सुटीही मिळे. दोन-तीन शिवणयंत्रे भाड्याने घेऊन तो स्वतःही लहान कारखाना काढू शके. वेतन तुटपुंजे होते, दिवस बारा-चौदा तासांचा होता, खोल्या कोंदट होत्या आणि क्षयरोग घरोघरी होता. पण शिडी होती, आणि तिची पहिली पायरी जमिनीपासून फार उंच नव्हती.

इटालियन मजुराला भेटे तो ‘पाद्रोने’, म्हणजे मुकादम. तो काम मिळवून देई, त्यासाठी दलाली घेई, मजुरांना छावणीत ठेवी आणि आपल्याच दुकानातून महाग शिधा घ्यावयास लावी. करारबद्ध मजूर आणण्यास १८८५ मध्ये कायद्याने बंदी आली, तरी ही पद्धत बरीच वर्षे टिकली. १९०० मध्ये सुरू झालेले भुयारी रेल्वेचे खोदकाम आणि शहराला पाणी पुरविणाऱ्या क्रोटन धरणाचे बांधकाम, ही दोन्ही कामे मोठ्या प्रमाणावर इटालियन हातांनी झाली. हिवाळा आला की असे काम थांबे आणि मिळकतही थांबे. खड्डा खणणारा माणूस पुढे खड्ड्याचा मालक होत नाही. या कामाला शिडीच नव्हती.

पैसा कोठे गेला?

दोन्ही समाज काटकसरी होते. इटालियन मजूर पाव, कांदा आणि शेवया यांवर दिवस काढी आणि शिल्लक टाकी. परंतु ती शिल्लक न्यूयॉर्कमध्ये राहत नसे. ती आई, पत्नी, बहिणीचा हुंडा आणि जुने कर्ज यांसाठी समुद्रापार जाई. हे पैसे मध्यस्थ गिळू लागले, तेव्हा इटालियन सरकारने १९०१ च्या कायद्याने बँको दी नापोली या बँकेवर ते पोहोचविण्याचे काम सोपविले. या रकमांनी दक्षिणेतील खेड्यांत नवी घरे उभी राहिली आणि इटलीच्या परकीय व्यापारातील तूट भरून निघण्यास मोठा हातभार लागला. न्यूयॉर्कच्या हिशेबवहीत मात्र तो माणूस दरिद्रीच राहिला. समाजाची मिळकत केवळ एका किनाऱ्यावरून मोजली, तर असा चकवा होतो.

यहुद्याची शिल्लक न्यूयॉर्कमध्येच गुंतविली जाई. नातलगांचे बोटीचे भाडे, ढकलगाडीवरचा माल, शिवणयंत्र आणि मुलांचे शिक्षण यांसाठी ती खर्च होई. १८९२ मध्ये स्थापन झालेली हिब्रू फ्री लोन सोसायटी गरजूंना बिनव्याजी कर्ज देई. गरीब बांधवाकडून व्याज घेऊ नये, ही ‘निर्गम’ ग्रंथातील आज्ञा तिच्या मुळाशी होती. आपणही तो ग्रंथ पवित्र मानतो, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. इटालियनांतही परस्पर साहाय्य मंडळे पुष्कळ होती. परंतु ती बहुधा एकेका गावाची असत आणि आजारपण व अंत्यविधी यांच्या खर्चापुरती पुरत. व्यवसायासाठी भांडवल पुरविणारा इटालियन पुढे आला तो दूरच्या सॅन फ्रान्सिस्कोत. अमादेओ जियानिनी यांनी १९०४ मध्ये तेथे बँक ऑफ इटली काढली आणि लहान दुकानदार, शेतकरी, मजूर यांना कर्जे दिली. १९३० मध्ये हीच बँक बँक ऑफ अमेरिका झाली. इटालियन माणसाला धंद्याचे वावडे नव्हते, याला यापेक्षा अधिक पुरावा कशाला हवा?

शिक्षणाच्या बाबतीतही परतीचा बेत आड आला. लवकरच गावी जायचे, तर इंग्रजी शाळेत वर्षे कशाला घालवायची? दक्षिणेत शाळा ही जमीनदाराच्या मुलांची आणि परक्या सरकारची गोष्ट होती. मुलगा चौदाव्या वर्षी कामाला लागला की घराला आधार मिळे. यहुदी मुले मात्र सिटी कॉलेजच्या विनाशुल्क वर्गांत गर्दी करू लागली. या अडचणीचे मर्म ओळखणारे शिक्षक पुढे इटालियनांतूनच आले. लहानपणी इटलीहून आलेले लेओनार्ड कोव्हेलो १९३४ मध्ये ईस्ट हार्लेममधील बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. त्यांनी शाळेची दारे पालकांसाठी उघडली आणि इटालियन भाषेला वर्गात मानाचे स्थान दिले.

ख्रिस्तसभेचे योगदान आणि उणीव

आता धर्माचा प्रश्न. न्यूयॉर्कमधील कॅथलिक ख्रिस्तसभा त्या वेळी प्रामुख्याने आयरिश धर्मगुरूंच्या हाती होती. आयरिश समाजाने दारिद्र्यातून पै-पैसा जमवून चर्च व शाळा उभारल्या होत्या. मिरवणुका, मेणबत्त्या आणि गावच्या संताचा उत्सव यांत रमणारे, पण देणगी देण्याची सवय नसलेले इटालियन त्यांना अर्धवट ख्रिस्ती वाटत. अनेक धर्मग्रामांत इटालियनांना चर्चच्या तळघरात मिस्सा ऐकावी लागे. यहुदी कामगाराला आपला कारखानदार निदान धर्मबंधू म्हणून तरी भेटे. इटालियनाला आपल्याच धर्मबंधूंनी खालच्या मजल्यावर पाठविले. त्याचे मागासलेपण कॅथलिक शिकवणुकीतून आले, असे म्हणण्याऐवजी ती शिकवणूक त्याच्या बाबतीत पाळली गेली नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

ही उणीव ओळखणारेही त्याच ख्रिस्तसभेत होते. पियाचेन्झाचे बिशप जोव्हान्नी स्कालाब्रिनी यांनी १८८७ मध्ये स्थलांतरितांच्या सेवेसाठी धर्मगुरूंचा संघ स्थापन केला. १८८८ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी अमेरिकेतील बिशपांना इटालियन स्थलांतरितांच्या दुरवस्थेविषयी खास पत्र लिहिले. मदर काब्रिनी यांच्या मनात चीनला जाण्याची ओढ होती. पोपमहोदयांनी त्यांना पश्चिमेकडे धाडले. मार्च १८८९ मध्ये त्या आपल्या धर्मभगिनींसह न्यूयॉर्कला पोहोचल्या. व्यवस्था झालेली नाही, तेव्हा परत जावे, असे आर्चबिशप कॉरिगन यांनी सुचविले. त्या परतल्या नाहीत. त्यांनी अनाथालये, शाळा आणि रुग्णालये उभारली. १९४६ मध्ये त्यांना संतपद मिळाले. हा मान मिळालेल्या त्या अमेरिकेच्या पहिल्या नागरिक होत. बिशप स्कालाब्रिनी यांना २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी संत घोषित केले.

एकाच छताखाली

आतापर्यंत या दोन समाजांतील भेद पाहिले. परंतु त्यांना एकत्र आणणारी जागाही होती, ती म्हणजे शिवणकामाचा कारखाना. १९०९ च्या नोव्हेंबरात सुमारे वीस हजार शिवणकामगारांनी संप केला. त्यांत बहुसंख्य यहुदी तरुणी होत्या. सभा यिद्दिशमध्ये होत असल्याने इटालियन मुली बऱ्याच अंशी दूर राहिल्या आणि मालकांनी या दुराव्याचा लाभ उठविला. पुढे २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल कारखान्याला आग लागली. बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते. १४६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य यहुदी आणि इटालियन मुली होत्या. तो शनिवार होता, म्हणजे यहुद्यांचा शब्बाथ. आणि कारखान्याचे मालकही यहुदीच होते. गरिबाला आपल्या धर्माचा मालक मिळाला म्हणजे न्याय मिळतोच असे नाही, हा धडा त्या दिवशी मिळाला. त्यानंतर इटालियन स्त्रिया संघटनेत येऊ लागल्या आणि १९१९ मध्ये इटालियन भाषिक शिवणकामगारांची स्वतंत्र शाखा स्थापन झाली.

दार बंद झाले

ज्यांनी या दोन समाजांची तुलना करून एकाला चलाख व दुसऱ्याला मठ्ठ ठरविले, त्यांना प्रत्यक्षात दोन्ही नको होते. १९२४ च्या कायद्याने इटलीला वर्षाकाठी केवळ ३,८४५ जागा ठेवल्या. पोलंडला ५,९८२ आणि रशियाला २,२४८. चलाखीने यहुद्यांना वाचविले नाही. पुढील दशकात हिटलरच्या तडाख्यातून सुटू पाहणाऱ्या असंख्य यहुद्यांना हेच दार बंद आढळले. इटालियनांवर त्याचा परिणाम निराळा झाला. एकदा गावी गेल्यास पुन्हा येता येईल याची शाश्वती उरली नाही, म्हणून बरेच जण येथेच स्थिरावले. घरे घेतली, मुलांना शाळेत ठेवले. १९७० च्या सुमारास इटालियन वंशाच्या कुटुंबांचे सरासरी उत्पन्न देशाच्या सरासरीपुढे गेले होते. वंश तोच होता आणि बहुतेकांचा धर्मही तोच होता. परतीचा बेत तेवढा सुटला होता.

१९३४ ते १९४५ या काळात न्यूयॉर्कचे महापौर असलेले फिओरेलो ला ग्वार्डिया यांचे वडील दक्षिण इटलीतील फोज्जा परिसरातील आणि आई त्रिएस्तेच्या यहुदी घराण्यातील होती. तरुणपणी ते एलिस बेटावर दुभाष्याचे काम करीत. १९२२ च्या निवडणुकीत यहुदीद्वेष्टा असल्याचा आरोप होताच त्यांनी प्रतिस्पर्ध्याला यिद्दिशमध्ये वादविवाद करण्याचे आव्हान दिले. प्रतिस्पर्धी स्वतः यहुदी होता. त्याने ते स्वीकारले नाही.

दोन गरीब समाजांची तुलना करणे चूक नाही. परंतु ती करताना कोण कोठून निघाला, हाती काय घेऊन निघाला, मागे कोणाला ठेवून आला आणि नव्या गावी त्याला कोणी दार उघडले, या चार गोष्टींचा हिशेब प्रथम मांडावा लागतो. तो न मांडता काढलेला निष्कर्ष बहुधा गरिबाच्या पदरी दोष टाकून मोकळा होतो. आपल्या धर्मग्रामात नव्याने आलेल्या कष्टकऱ्यांविषयी बोलतानाही हे स्मरणात ठेवावे. मिस्सेच्या वेळी ते कोठे उभे राहतात, तेही एकदा मागे वळून पाहावे.