टेंभलीचे बारा अंक आणि सर्व्हरची मेमरी

शहादा तालुक्यातल्या टेंभलीचं नाव २९ सप्टेंबर २०१० रोजी देशभर झालं. त्या दिवशी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत तिथे पहिले आधार क्रमांक वाटले गेले. सर्वांत पहिला रंजना सोनवणे यांना. नंदुरबारचा म्हणून हे मी मिरवत असे. पुढे सर्व्हर सांभाळायच्या नोकरीला लागलो आणि त्या बारा अंकांकडे बघायची नजर बदलली.

नवी नोंदणी आली की तिचे ठसे आधीच्या साऱ्या नोंदींशी ताडून पाहावे लागतात. अशा कामात प्रोसेसरचा बराच वेळ हिशेबात नव्हे, तर मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहण्यात जाऊ शकतो. रेशन दुकानात असतं तसंच: मापायला अर्धा मिनिट, पण गोणी अजून गोदामातच!

ही वाट कुठे पाहिली जाते, हे प्रोसेसरलाच विचारता येतं. १९९३ च्या पेंटियममध्ये मोजणीची रजिस्टरं होती, पण इंटेलने त्यांचा तपशील उघड केला नव्हता. पुढच्या वर्षी तेर्जे मॅथिसेन यांनी तो 'बाइट' मासिकात छापून टाकला. मात्र ती नुसती मोजदाद. कोणती सूचना कोणत्या पत्त्यावर गेली आणि किती थांबली, याचे नमुने घेणं नंतर जमलं. एएमडीचं आयबीएस २००७ चं. लिनक्समध्ये 'पर्फ' आलं सप्टेंबर २००९ मध्ये, टेंभलीच्या वर्षभर आधी.

आर्मच्या सर्व्हरवर याच कामाच्या सोयीला एसपीई म्हणतात, आणि तिची तयारी मला नेहमी खटकते. 'आर्म_एसपीई_पीएमयू' हे मॉड्यूल चढवायचं, पर्फवरचे निर्बंध सैल करायचे, इथवर ठीक. पण बऱ्याचदा कर्नेल सुरू करतानाच 'केपीटीआय=ऑफ' द्यावं लागतं. नमुने कर्नेलच्या जागेत लिहिले जातात आणि केपीटीआय चालू असताना, वापरकर्त्याचा प्रोग्रॅम चालतो तेव्हा, ती जागा दिसत नाही. हीच भिंत जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन उघड झाल्यावर घाईघाईने सगळीकडे उभारली गेली होती. म्हणजे दिरंगाई शोधायला कुंपण उतरवायचं.

चाचणीच्या मशीनवर, खोटी माहिती भरून, हे खुशाल करावं. लोकांच्या नोंदी असलेल्या मशीनवर मी करत नाही. एकदा मोजमाप आटोपल्यावर ती ओळ काढायची माझ्याकडूनच राहिली होती. आठवड्याने ध्यानात आलं. तेव्हापासून मशीनवर लाल चिठ्ठी चिकटवतो आणि ओळ काढल्याशिवाय चिठ्ठी काढत नाही.