केमट्रेल षड्यंत्र सिद्धान्त

विमानांमागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेषा म्हणजे गुप्तपणे फवारलेली रसायने होत, या निराधार समजुतीस केमट्रेल षड्यंत्र सिद्धान्त म्हणतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती अमेरिकेत पसरली.

प्रत्यक्षात या बाष्परेषा होत. सुमारे ८ ते १२ किमी उंचीवरील अतिथंड हवेत इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची वाफ गोठून तिचे हिमकण बनतात. हवा कोरडी असल्यास रेषा लगेच विरते. दमट असल्यास तासन्‌तास टिकून पसरते. म्हणून रेषा टिकणे हा फवारणीचा पुरावा ठरत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात ७७ पैकी ७६ तज्ज्ञांनी गुप्त फवारणीचा पुरावा आढळला नसल्याचे सांगितले.

नागपूरवरून अनेक हवाईमार्ग जातात. उंचावरील रेषा दुरूनही दिसत असल्याने त्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातूनही दिसतात. त्यांचा कृत्रिम पावसाशी संबंध नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात असे प्रयोग केले. त्यांत आधीच तयार झालेल्या ढगांच्या तळाशी, प्रवासी विमानांच्या पुष्कळ खाली, कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले गेले. हे प्रयोग उघडपणे झाले व त्यांचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले.

बाष्परेषा मात्र सर्वस्वी निरुपद्रवी नाहीत: टिकून राहणाऱ्या रेषा उष्णता अडवून तापमानवाढीत भर घालतात.