नाडी कोणी पाहिली?

परवा माझ्या पेसमेकरची तपासणी झाली. बॅटरी अजून चार वर्षे पुरेल म्हणे! घरी आले आणि अण्णा आठवले. १९६७ च्या सुमारास आमचे अण्णा चालता चालता धाडकन पडायचे. फेफरे म्हणून कोणीतरी नाकाशी कांदा धरायचे. मिनिटभरात ते उठून बसायचे. नाडी कोणी पाहिल्याचे मला आठवत नाही. १९७० साली असेच पडले, ते उठले नाहीत.

माझे दुखणे कळल्यावर मी वाचत गेले, आणि पोचले थेट आयर्लंडमधल्या डब्लिनला. तिथे १८१८ साली जॉन चेन यांनी एका रुग्णाचा विचित्र श्वास नोंदवला. श्वास थांबायचा, हळूहळू वाढायचा, पुन्हा थांबायचा. आजार मेंदूचा वाटला होता. मृत्यूनंतर पाहिले तर हृदयाच्या स्नायूत चरबी! दुबळ्या हृदयाकडून रक्त मेंदूपर्यंत उशिरा पोचते, त्यामुळे श्वासाचा हिशेब चुकतो, हे पुढे कळले.

१८२७ साली तिथल्याच रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी ६८ वर्षांच्या एका महसूल अधिकाऱ्याची हकिगत लिहिली. सात वर्षांत वीसेक झटके, पण एकदाही लकवा नाही. नाडी मात्र मिनिटाला तीसच्या आसपास. अ‍ॅडम्स म्हणाले, झटका मेंदूत दिसतो, पण मूळ हृदयात आहे. १८४६ मध्ये विल्यम स्टोक्स यांनी अशाच रुग्णांवर लिहिले. म्हणून या झटक्यांना दोघांचे नाव आहे.

मेंदूवर संशय घेणारे अगदीच चुकीचे नव्हते. १९०१ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे हार्वे कुशिंग यांनी प्रयोगांत दाखवले, की कवटीतला दाब वाढला की रक्तदाब चढतो आणि नाडी मंदावते. म्हणजे वाट दोन्ही बाजूंनी आहे!

८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसला. तो काही तासच चालला, पण नंतर बदलत बदलत ते २००१ पर्यंत, ८६ वर्षे जगले. त्यांनाही हेच झटके येत.

अण्णांना तेच होते की खरेच फेफरे, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण अ‍ॅडम्सनी १८२७ साली जे केले, त्याला यंत्र लागत नव्हते. मनगटावर तीन बोटे, बस्स.

असो. घरात कोणी असे पडले तर कांदा राहू द्या. आधी श्वास पाहा, नाडी पाहा, आणि डॉक्टरांना बोलवा.