हात आले, दाखला राहिला

मंठाळकडची म्हातारी माणसं साल सांगत नसत. ‘रझाकारांच्या येळेला’ आणि ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या मागनं’, या दोन खुणांवर त्यांचं सगळं मोजमाप चाले. लग्नं, बाळंतपणं, विहिरी, भाऊबंदकीचे तंटे, सगळं. मंठाळचा, म्हणजे आमचा, बसवकल्याण तालुका तेव्हा निजामाच्या बीदर जिल्ह्यात होता. 1948 च्या मे महिन्यात गोरटा गावात निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी हिंदूंची कत्तल केली आणि आसपासच्या गावांतली माणसं रातोरात सोलापूरच्या वाटेला लागली. सोलापूर हिंद सरकारच्या हद्दीत, तिथं पोचलं की जीव वाचला. आवाज होऊ नये म्हणून बैलांच्या गळ्यातले घुंगरू सोडून ठेवले होते, असं आजी सांगायची.

माझे चुलत आजोबा वैद्य होते. गाडीत ज्वारी चढली, भांडी चढली, त्यांनी मात्र खलबत्ता मांडीवर घेतला. तो आजही आमच्या घरात आहे. काळ्या दगडाचा, काठाचा टवका उडालेला. बत्ता एकाच अंगानं झिजलाय, कारण आजोबा डावखुरे होते. चूर्णाचा वास केव्हाच गेला, पण खलाच्या तळाला बोट फिरवलं की घोटून घोटून आलेला गुळगुळीतपणा कळतो.

सोलापुरात त्यांना कोण ओळखणार? मंठाळमध्ये तीन पिढ्यांची नाडी त्यांच्या घराण्यानं पाहिलेली. सुनेला दिवस गेल्याचं सासूच्या आधी वैद्याला कळायचं. सोलापुरात मात्र ते निर्वासितांच्या गर्दीतले एक. एका वखारीत पोती मोजायचं काम मिळालं. आजी म्हणायची, “हात तेच होते रे, पण पुढं हात करणारं कुणी नव्हतं.” पुढं शेजारच्या पोराला हगवण लागली, पोर निपचित पडलं. आजोबांनी साळीच्या लाह्यांचं पाणी, मीठ आणि गूळ घालून, रात्रभर चमच्यानं पाजलं. सकाळी पोर रडलं. मग लोक विचारत विचारत येऊ लागले.

सप्टेंबरात भारतीय फौजा आल्या. 13 तारखेला सुरू झालेली ही ‘पोलीस अ‍ॅक्शन’ 17 ला निजामाच्या शरणागतीनं संपली. आमची माणसं परतली, तेव्हा गल्लीतल्या हकिमांच्या घराला कुलूप होतं. आता पळायची पाळी मुसलमानांची होती. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं त्यानंतरच्या हत्यांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला आणि सर्वांत जास्त झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावं घेतली. आजी गोरट्याची गोष्ट सांगायची त्याच दमात हकिमांचीही सांगायची. एकीवर पांघरूण घालून दुसरी तिनं कधीच सांगितली नाही. आमच्याकडं आजही बरेच जण अर्धीच गोष्ट सांगतात, याचं मला फार वाईट वाटतं.

उखडलेल्या वैद्यांचा विषय निघाला की मला आणखी एक डॉक्टर आठवतात. गावातले एक गुरुजी 1955 साली पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या गोव्याच्या सत्याग्रहाला गेले होते. त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा डॉ. पुंडलिक गायतोंडे हे नाव ऐकलं. लिस्बनला शिकलेले शल्यविशारद, पत्नी एडिला पोर्तुगीज. 17 फेब्रुवारी 1954 रोजी म्हापशात एका न्यायाधीशाच्या निरोपाची मेजवानी होती. गोवा म्हणजे पोर्तुगालच, असं कुणी भाषणात म्हणालं आणि डॉक्टरांनी भर पंक्तीत निषेध केला. तेवढ्यावर अटक झाली, पोर्तुगालला रवानगी झाली, तुरुंग झाला. सुटल्यावर ते दिल्लीला आले. गोवा मुक्त झाल्यावर 1962 मध्ये लोकसभेवर नेमले गेले आणि नंतर इंग्लंडला गेले. गुरुजींना सत्याग्रहाच्या गोळीबारापेक्षा या डॉक्टरांचंच नवल जास्त वाटे. चालता दवाखाना, नाव, मान, हे सगळं पणाला लावायचं आणि मग परक्या गावात पुन्हा पहिल्यापासून उभं राहायचं, हे त्यांना सोपं वाटत नसे.

काहींना तेही जमू दिलं जात नाही. कंबोडियाचे डॉ. हाइंग न्गोर स्त्रीरोगतज्ज्ञ होते. 17 एप्रिल 1975 ला ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या फौजा राजधानी नॉम पेन्हमध्ये शिरल्या. शिकलेला माणूस दिसला की मारायचा, असा तो काळ. न्गोरनी आपण डॉक्टर असल्याचं लपवलं. बायको बाळंतपणात अडली तेव्हा शस्त्रक्रिया करायला हत्यारं नव्हती आणि आपला पेशा उघड झाला असता तर दोघंही गेली असती. ती त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. 1979 मध्ये ते थायलंडला पोचले, छावणीत रोगी तपासले. 1980 मध्ये अमेरिकेत आले, पण तिथं त्यांची डॉक्टरकी पुन्हा कधी सुरू झाली नाही. ‘द किलिंग फील्ड्स’मधल्या भूमिकेसाठी 1985 साली त्यांना ऑस्कर मिळालं. जगानं त्यांना नट म्हणून ओळखलं. तिकडं त्यांच्या देशात ख्मेर रूजची राजवट संपली तेव्हा जेमतेम पन्नासेक डॉक्टर जिवंत उरले होते.

आपल्याकडंही हा प्रश्न दारात उभा आहे. पाकिस्तानातून छळाला कंटाळून आलेले अल्पसंख्याक डॉक्टर भारतात वर्षानुवर्षं औषधाच्या दुकानांत, इस्पितळांत हाताखाली राबत होते. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं त्यांच्यासाठी परीक्षेची वाट उघडली. अटींपैकी एक अशी होती, की 31 डिसेंबर 2014 पर्यंत भारतात आलेलं असावं. परीक्षा जरूर घ्यावी, रोग्याच्या जिवाशी खेळ नको. पण तारखेची ही भिंत कशाला? ज्याला नाडी कळते त्याला तपासू द्यावं, मग तो कोणत्याही साली, कोणतीही सीमा ओलांडून आलेला असो. सीमाभागातल्या आम्हां लोकांनी तरी ही मागणी मोठ्यानं करायला हवी.