समुद्रात पडलेली खोकी

मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला लाँचने जाताना कंटेनरांनी भरलेली मोठाली जहाजं आपण नेहमी बघतो. ती खोकी समुद्रात पडली तर काय होतं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

१९५६ साली अमेरिकेत मॅल्कम मॅक्लीन यांनी 'आयडियल एक्स' या जहाजावरून ५८ खोकी पाठवली. तिथून कंटेनरचा जमाना सुरू झाला. आपल्या उरणात न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि ही खोकी आपल्या दारात आली.

७ ऑगस्ट २०१०. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली. न्हावा-शेव्याहून निघालेलं 'एमएससी चित्रा' आणि मुंबई बंदराकडे येणारं 'खलिजिया-३' यांची मुंबईजवळ टक्कर झाली. चित्रावर १,२१९ कंटेनर होते, त्यांतल्या ३१ मध्ये कीटकनाशकं. जहाज कलंडलं आणि शेकडो खोकी पाण्यात गेली. शेकडो टन तेल सांडलं. जहाजांची ये-जा काही दिवस बंद ठेवावी लागली. बुडालेली खोकी शोधायला नौदल उतरलं. मासे खावेत की नाही, या भीतीनं बाजार बसला. टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला याची झळ थेट लागते.

खोकं लगेच बुडतंच असं नाही. आत हलका माल असेल तर ते पाण्याबरोबर तरंगतं, जेमतेम वर दिसतं. रात्री होडीला ते दिसणार कसं? बुडालं, तर तळाशी जाळं अडकतं आणि फाटतं.

मे २०२५ मध्ये केरळजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडालं. त्यावर ६४० कंटेनर होते. प्लास्टिकचे बारीक दाणे किनाऱ्यावर आले.

आता १ जानेवारी २०२६ पासून नवा आंतरराष्ट्रीय नियम लागू आहे. कंटेनर पडला, की कप्तानानं आसपासच्या जहाजांना आणि किनाऱ्यावरच्या यंत्रणेला कळवायलाच हवं. नियम चांगला आहे. पण ती खबर मोठ्या जहाजांपुरती राहिली, तर आपल्या होडीला तिचा काय उपयोग? ती मराठीत, त्याच दिवशी आपल्या मच्छीमार सोसायटीत पोचली पाहिजे. आपण बायकांनी ही मागणी सोसायटीच्या सभेत मांडायची.

आणि मैत्रिणींनो, किनाऱ्याला अनोळखी खोकं किंवा पिंप लागलं तर उघडू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करा.