सर्वांत बलाढ्य विभाग कोणता? रणजी करंडकातील एक जुना वाद

१/ रणजी करंडकात १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात मुंबईने सलग १५ विजेतेपदे मिळवली. त्यावरून पश्चिम विभागच देशात सर्वांत बलाढ्य होता, असे सर्रास म्हटले जाते. पण संघ बलाढ्य असला म्हणजे त्याचा विभागही बलाढ्य ठरतो का?

२/ १९५७-५८ पासून पाचही विभागांत साखळी सामने सुरू झाले. पश्चिमेत मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र हे संघ होते. प्रत्येक विभागातून केवळ विजेता बाद फेरीत जाई.

३/ याची झळ महाराष्ट्राला बसली. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० व १९४०-४१ मध्ये करंडक जिंकलेला हा संघ. परंतु १९६९-७० पर्यंतच्या १३ हंगामांत पश्चिमेची एकमेव जागा एकदा बडोद्याने आणि १२ वेळा मुंबईने पटकावली. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या धानोऱ्यापासून कोल्हापूरपर्यंतचा मुलूख ज्या संघाचा, तो विभागातच अडकून पडला.

४/ १९७०-७१ पासून प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे जाऊ लागले आणि त्याच हंगामात महाराष्ट्राने अंतिम फेरी गाठली! समोर मुंबईच होती. गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. तरीही सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने ४८ धावांनी बाजी मारली. अंतिम सामन्यातील दोन्ही संघ एकाच विभागाचे, हा पश्चिमेच्या बाजूचा सबळ पुरावा.

५/ आता दुसरी बाजू. १९६१-६२ मध्ये सुरू झालेल्या दुलीप करंडकात विभागच परस्परांशी झुंजत. पहिला विजेता पश्चिम विभाग होता. मात्र १९६५-६६ ते १९६७-६८ अशी सलग तीन वर्षे हा करंडक दक्षिणेने जिंकला. त्याच तिन्ही हंगामांत रणजी करंडक मुंबईकडे होता! दक्षिणेचे बळ म्हैसूर, मद्रास, हैदराबाद अशा अनेक संघांत वाटलेले होते.

६/ तात्पर्य, विजेत्यांची यादी सर्वोत्तम संघ दाखवते. विभागाचे बळ त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या संघावरून जोखावे लागते. आणि त्या संघांना दार उघडायचे की नाही, हे नियम ठरवतात. २००२-०३ मध्ये विभागवार पद्धत संपून ‘एलिट’ व ‘प्लेट’ असे गट आले. महाराष्ट्राच्या त्या १३ हंगामांचा हिशेब मात्र गुणतक्त्यात कुठेच दिसत नाही.