गोम, मातीतली

शतपाद वर्गातल्या जिओफिलोमॉर्फा गणातील सडपातळ, डोळे नसलेला प्राणी. नागपुरात धंतोलीसारख्या जुन्या वस्तीत परसातली काळी माती उकरताना किंवा कुंडी उचलताना अशी पिवळसर गोम हाती लागते, ती बहुधा पावसाळ्यात. उन्हाळ्यात ओलाव्यामागे ती खोल उतरते. घोणीचे पिल्लू समजून तिला ठेचले जाते, पण ती घोण नव्हे. घोणीच्या (स्कोलोपेंड्रा) पायांच्या २१ जोड्या पिल्लातही पूर्ण असतात. मातीतल्या गोमीत त्या २७ पासून १९१ पर्यंत असून संख्या नेहमी विषम असते. दगडाखालच्या आखूड गोमीत (लिथोबियस) मात्र १५ जोड्या, त्याही वाढीबरोबर पुऱ्या होतात.

मेसिस्टोसेफॅलस पंक्टिफ्रॉन्स ही जाती जॉर्ज न्यूपोर्ट याने १८४३ मध्ये भारतातील नमुन्यांवरून नोंदवली. डोके तांबूस तपकिरी, रुंदीपेक्षा बरेच लांब. अंग फिकट पिवळे. भिंगाखाली वरून पाहिले की विषनख्या डोक्याच्या पुढच्या कडेबाहेर आलेल्या दिसतात. घाईच्या पाहणीत हीच खूण सर्वांत भरवशाची. पाय मोजणे मोहक, पण अपुरे: जोड्या ४९ भरतात आणि नर-मादीत सारख्याच असतात, मात्र या प्रजातीतल्या बहुतेक जातींचा आकडा तोच. जाती ठरवायची तर विषनख्यांवरचे दात, अधरपट्टांवरच्या खाचेला पुढे फाटा फुटला आहे की नाही आणि शेवटच्या पायांच्या बुडाशी असलेली छिद्रे पाहावी लागतात. ही शेवटची जोडी बारीक, नखी नसलेली. चालण्यात तिचा उपयोग नाही.

ऑर्फनियस ब्रेव्हिलेबिएटस ही याच गणातली दुसरी जाती उष्ण प्रदेशांत सर्वदूर आढळते. तिचे डोके लहान व आखूड, विषनख्या वरून दिसत नाहीत, पायांच्या जोड्या ४९ हून बऱ्याच जास्त आणि एकाच जातीत कमीअधिक. अंधारात डिवचल्यास पोटाकडच्या ग्रंथींतून हिरवट चमकणारा स्राव पाझरतो. दिवसा ही ओळख उपयोगी पडत नाही. तेव्हा डोकेच पाहावे.

या दोन्ही जातींच्या कुळांत मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून राखण करते. पहिल्या जातीच्या मेसिस्टोसेफॅलिडी कुळात ज्यांची पाहणी झाली त्यांत पोटाची बाजू आत, अंड्यांकडे असते. गणातल्या इतरांत पाठ आत आणि पोट बाहेर. नाते ठरवताना ही सवय शरीररचनेइतकीच मोलाची ठरली आहे.

नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. त्यात रंग उडतो, म्हणून डोक्याचा रंग जिवंतपणीच टिपून घ्यावा.